काकांच्या विमानाचं दार

माझे काका एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होते. त्या विमानात दोनच माणसं असायची. एक विमान चालवणारा पायलट आणि दुसरा त्याला वाट सांगणारा, वेळ आली की विमानाच्या नाकाच्या काचेपाशी पोटावर झोपून बॉम्ब सोडणारा. काका ते दुसरे. लढाईनंतर ते पन्नासहून जास्त वर्षं जगले आणि मागच्या दिवाळीनंतर शहराच्या गोत्री भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये किडन्या निकामी होऊन वारले.

शेवटची सहा वर्षं त्यांचं दुखणंखुपणं मीच पाहिलं. काकू आधीच गेल्या होत्या, एकुलता मुलगा कॅनडात, आणि माझं घर त्यांच्या सोसायटीच्या मागच्याच गल्लीत. मी पस्तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. रिपोर्टात आपल्याला काय वाटलं ते लिहायचं नसतं, काचेवर जे दिसलं ते लिहायचं असतं. इथेही जमेल तितकं तसंच लिहिते.

लढाई झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. आमचं घर दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. काकांचा उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना चढवला आणि खालचा भजियावाला कढईखालचा जाळ बंद करून बघायला आला, एवढं मला आठवतं. आमच्याकडे फौजेत जाणं नवीन नव्हतं. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, आजोबाही काही वर्षं होते. पण विमानातून लढून आलेला माणूस आमच्याच काय, आजूबाजूच्या कुणाच्याच घरात नव्हता. महिनाभर लोक येत होते. येणाऱ्या प्रत्येकाला माझे वडील ती गोष्ट सांगायचे. काका खाटेवर डोळे मिटून पडलेले असायचे.

गोष्ट अशी. बॉम्ब टाकून परत येताना विमानाला खालून तोफेचा मार लागला. एक इंजिन बंद पडलं, तेल गळायला लागलं. खाली समुद्र. पायलटने हुकूम दिला, उडी मार. आता पायलटची खुर्ची अशी होती की हँडल ओढलं की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो आणि पॅराशूट उघडतं. नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. त्याने पॅराशूट छातीला अडकवायचं, उजव्या अंगाचं लहानसं दार उघडायचं आणि स्वतःहून उडी मारायची. काका दारापाशी गेले. "आणि दार अडकलं!" इथे वडील मांडीवर थाप मारायचे. पायलटला हँडल ओढून सुटता आलं असतं, पण सोबत्याला टाकून तो गेला नाही. त्याने ते विमान तसंच आपल्या किनाऱ्यावरच्या तळापर्यंत आणलं आणि चाकं न उघडता पोटावर उतरवलं. विमानाची उजवी बाजू चेपली, काकांचा पाय दोन ठिकाणी मोडला. पायलटच्या पाठीचे मणके दबले आणि त्याचं लढाऊ विमानं चालवणं कायमचं संपलं. त्याला शौर्यासाठी पदक मिळालं.

वडिलांनी ही गोष्ट किती वेळा सांगितली याला मोजमाप नाही. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही सांगितली. "दार अडकलं" म्हणताना त्यांचा आवाज दर वेळी तसाच चढायचा.

काकांनी पुढे हवाई दल सोडलं. पायात सळई होती, जमिनीवरची नोकरी त्यांना नको होती. बाजव्याजवळच्या रिफायनरीत सेफ्टीच्या खात्यात ते लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोज सकाळी बसने जायचे, संध्याकाळी यायचे. स्वभाव कोरडा. कुणाकडे जेवायला गेलो की ते आधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते बघून घ्यायचे. काकू म्हणायच्या, "यांना विकायचं घर दाखवायला आणलं की काय असं वाटतं लोकांना." गोत्रीच्या सोसायटीत गच्चीच्या दाराला सेक्रेटरीने कुलूप लावलं, त्यावरून त्यांनी तीन सभांमध्ये भांडण केलं आणि शेवटी कुलूप काढायला लावलं. आम्ही याला रिफायनरीची सवय समजायचो.

मागच्या श्रावणात त्यांच्या बाथरूमचं दार फुगलं. लाकडी दार, पावसात ओलं झालेलं. सकाळी अंघोळीला गेले आणि आत अडकले. त्यांची देखभाल करायला एक गुजराती बाई दिवसभर असायच्या, त्यांना आम्ही सगळे नुसतं बेन म्हणायचो. बेनचा मला फोन आला, "जल्दी आवो, काका अंदर फसाया छे." मी पोचेपर्यंत वॉचमनने खांद्याने धक्के मारून दार उघडलं होतं. काका टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले होते. लागलं कुठेच नव्हतं. पण सदऱ्याची बटणं मला लावावी लागली.

चहा झाल्यावर ते गॅलरीत बसले. म्हणाले, "हे खरंच अडकलं होतं."

"हो ना. सुताराला बोलावते आजच."

"ते नव्हतं अडकलं."

"कुठलं?"

"विमानाचं."

मला लगेच उमगलं नाही. मग ते बोलले, सलग, माझ्याकडे न बघता. पायलटने उडी मार म्हटल्यावर त्यांनी पॅराशूट अडकवलं, दाराचं हँडल फिरवलं. हँडल व्यवस्थित फिरलं. दार बोटभर सरकलं आणि फटीतून वारा असा आत आला की टेबलावरचे नकाशे उडाले. खाली चांदण्यात पाणी दिसत होतं. त्यांनी हँडल उलट फिरवलं, दार बंद केलं आणि इंटरकॉमवर इंग्रजीत सांगितलं, दार अडकलंय.

"मग?"

"मग तो म्हणाला, ठीक आहे, घट्ट बस."

मी विचारलं, "काकूंना माहीत होतं?"

"कुणालाच नाही."

मला त्यांची दया आली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पंचवीस वर्षांचा माणूस अंधारात, समुद्रावर, घाबरणारच. मला राग आला तो वडिलांसाठी. ते मरेपर्यंत ती गोष्ट छाती काढून सांगत राहिले आणि हे शेजारच्या खाटेवर डोळे मिटून ऐकत राहिले.

दोन दिवसांनी काका म्हणाले, "मला त्याला सांगायचंय." त्याला म्हणजे पायलटला. तो दक्षिणेकडचा, आता एका थंड हवेच्या गावात राहत होता. दर वर्षी नव्या वर्षाच्या शुभेच्छा यायच्या, त्यापलीकडे दोघांचं बोलणं नव्हतं. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दुपारची वेळ होती. पायलट काकांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे आणि कानाने पार गेलेले. ते हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत होते, मी मराठीत लिहिते.

काकांनी आधी हळू आवाजात सांगितलं. तिकडून आलं, "काय? कोण दारात आलंय?"

काकांनी पुन्हा सांगितलं. "मोठ्याने बोल, कानातल्या मशीनची बॅटरी संपलीय."

मग माझे काका, जन्मात कुणावर ओरडले नसतील, खुर्चीचे हात धरून ओरडले, "दार! उजवं दार! उघडत होतं! मी खोटं बोललो!"

स्वयंपाकघरातून बेन धावत आल्या. "काका, धीमे बोलो ने, बाजुवाळा सांभळशे." शेजारी ऐकतील याची त्यांना काळजी. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दारात येऊन "बधुं बराबर छे ने?", सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारून गेले.  

तिकडून पायलट म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "पण मी तरी कुठे उडी मारणार होतो?"

"का?"

"खाली समुद्र होता. मला पोहता येत नाही." आणि हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. "तुला उडी मार म्हणालो, कारण तसं सांगायचा नियम होता. तू गेला असतास तरी मी एकटा विमान घेऊन उतरणार होतो. माझ्या पाठीचं तू मनावर घेतलंस का रे एवढी वर्षं?"

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"ऐंशी वर्षांचा झालोय मी. तुला बरं वाटो नाहीतर वाईट, मला काय त्याचं?"

फोन ठेवल्यावर मला वाटलं, सुटले. पण काकांचा चेहरा आंबट झाला होता. "मग त्याने तेव्हाच सांगायचं ना," ते म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पुढचे तीन दिवस घुश्श्यातच होते. मी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन गेले, क्रिअॅटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडन्या आणखी थकल्या होत्या. डॉक्टर डायलिसिस म्हणत होते. काका नको म्हणाले, तेही घुश्श्यात.

चौथ्या दिवशी मी निघायला चप्पल घालत होते तेव्हा ते मागून म्हणाले, "त्याचं झालं. फिटरचं काय?"

मी चप्पल काढून परत बसले.

फिटर म्हणजे विमानाची जमिनीवर देखभाल करणारा. विमानाची दारं, झाकणं, सांगाडा त्याच्याकडे. काकांच्या विमानावरचा फिटर खानदेशातला होता, वयाने काकांच्याच जोडीचा. तळावर मराठी बोलणारे हे दोघेच, म्हणून त्याच्या घरून आलेला लसणाच्या चटणीचा डबा काकांकडेही यायचा. अपघाताची चौकशी झाली. काका हॉस्पिटलात होते, अधिकारी खाटेपाशी बसून जबाब लिहून घेत होते.

"मी सांगितलं, हँडल फिरलं नाही. दार तर चेपून गेलं होतं, तपासायला राहिलंच नव्हतं. फिटरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, साहेब, सकाळी मी ग्रीस लावलं आणि तीनदा उघडझाप करून पाहिली. पण मी आत होतो, तो नव्हता. माझंच खरं धरलं."

"त्याला काय झालं?"

"नोकरी राहिली. कागदावर ठपका आला. बढती मागे पडली, लांब बदली झाली."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"हो."

"नंतर तरी सांगायचं."

"रोज वाटायचं, उद्या लिहू." मग म्हणाले, "मोडक्या विमानातून मला ज्यांनी ओढून काढलं, त्यात तो होता."

मी त्यांना कागद आणि पेन दिलं. ते म्हणाले, "तू लिही, मी सही करतो." मी म्हटलं, "नाही, काका. हे तुमच्याच अक्षरात पाहिजे." त्यांना पाऊण तास लागला. चार ओळी लिहिल्या. त्या दिवशी दार अडकलं नव्हतं. मी घाबरलो आणि खोटं सांगितलं. फिटरची काहीही चूक नव्हती. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे. खाली सही, हुद्दा आणि आपला जुना सर्व्हिस नंबर. माफी मागितली नव्हती. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माफी मागितली की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. त्याला कशाला त्रास?"

फिटरचं नाव आणि तालुका त्यांना पक्का आठवत होता, गाव नाही. तेवढ्यावर मी शोधायला लागले. माजी सैनिकांच्या संघटनेत काम करणारे एक निवृत्त वॉरंट ऑफिसर मकरपुऱ्याला राहतात, त्यांनी बराच खटाटोप केला. तोपर्यंत काकांच्या पायांवर सूज आली, झोप वाढली, बोलणं कमी झालं. अधूनमधून विचारायचे, "लागला का पत्ता?" भाऊबीजेला मी ओवाळायला माझ्या भावाला तिकडेच बोलावलं. काकांनी शेव आणि अर्धी करंजी खाल्ली. त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी साडेसातच्या सुमाराला, बेन त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. बेन म्हणाल्या, आधी त्यांना वाटलं की काका डोळे मिटून नेहमीसारखे पडलेत.

हवाई दलाच्या इथल्या तळावरून दोन तरुण जवान पुष्पचक्र घेऊन आले, सलाम करून गेले. पायलटना मी फोन केला. त्यांच्या पत्नीने घेतला आणि त्यांना कानात ओरडून सांगितलं. ते फोनवर आले नाहीत.

काकांचा मुलगा कॅनडाहून चौथ्या दिवशी पोचला. दहाव्या दिवसाचं सगळं उरकल्यावर मी त्याला तो कागद दाखवला. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. त्याने उभ्या उभ्या वाचला, मग खाली बसून परत वाचला.

"ताई, त्यांचं डोकं ठिकाणावर होतं का तेव्हा?"

"होतं."

"हा माणूस जिवंत तरी आहे का?"

"माहीत नाही."

"मग फाडून टाक. माझ्या मुलांना मी सांगितलंय आजोबा वॉर हीरो होते म्हणून. कुणाचं काय भलं होणारे यातून?"

मी म्हटलं, "तुझ्या मुलांना काय सांगायचं ते तू बघ. हा कागद त्यांनी तुला लिहिलेला नाही." तो चिडला. परत जाईपर्यंत आमचं बोलणं कामापुरतंच झालं. विमानतळावर त्याने मला वाकून नमस्कार केला, पण कागदाचं नाव काढलं नाही.

डिसेंबर संपता संपता पत्ता लागला. फिटर अकरा वर्षांपूर्वी वारले होते. मुलगी भुसावळला असते, अंगणवाडीत शिकवते. नंबर हातात आल्यावर मी दोन दिवस फोन केला नाही. मेलेल्या माणसाचा निरोप मेलेल्या माणसाला, मध्ये आपण कोण, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी केला.

मी कोण, काका कोण, ते सांगितलं. ती म्हणाली, "हा, ते साहेब. नाव माहितीये मला." मग मी कागद वाचून दाखवला. चारच ओळी. पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. तिने कुणाला तरी "जरा यांना बघ गं" म्हटलं आणि बाहेर आली असावी, कारण आवाज कमी झाला.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचला.

"ताई, आमच्या बाबांना साहेबांचा राग नव्हता," ती म्हणाली. "त्यांना त्या दाराचं लागलं होतं. म्हणायचे, मी केलेलं दार अडकतच नाही. रिटायर झाल्यावरसुद्धा. जेवताना, पाहुण्यांसमोर, कधीही. माझा भाऊ वैतागायचा. म्हणायचा, बाबा, चूक झाली असेल, चाळीस वर्षं झाली, आता मान्य करा ना. शेवटी शेवटी बाबांनी त्याच्यासमोर बोलणंच सोडलं."

 मी म्हटलं, "काकांनी फार उशीर केला."

"केलाच," ती म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही. मग म्हणाली, "फोटो नको मोबाइलवर. तो कागदच पाठवा. भावाला हातात द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी मी गोत्रीच्या पोस्टातून तो रजिस्टर करून पाठवला. काकांच्या मुलाला तसं कळवलं. त्याने मेसेज वाचल्याचं दिसलं, उत्तर आलं नाही. पुढे संक्रांतीला त्याचा फोन आला, तेव्हा त्याने पत्र पोचलं का एवढं मात्र विचारलं. मी म्हटलं, पोचलं.

पोचल्याचं मला त्या मुलीनेच कळवलं होतं. भाऊ सुटीच्या दिवशी आला, तेव्हा तिने जेवणाआधी कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला आणि अक्षर कुणाचं, सही खरी कशावरून, असं सगळं विचारून घेतलं. मग हात धुऊन जेवायला बसला. निम्म्या जेवणात उठला आणि आतल्या खोलीत बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. ती मागे गेली नाही. भात निवत होता, म्हणून तिने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.